करंजवाडीची तुटक रेघ

संजय ओव्हाळ त्या सभेत बोलणारच नव्हते. विषय लिफ्टचा होता आणि ओव्हाळ राहायचे पहिल्या मजल्यावर. पण सभा हरित विहार सोसायटीची होती, त्यामुळे विषयपत्रिकेवरचा विषय सोडून बाकी सगळ्यावर चर्चा झाली. त्या ओघात सेक्रेटरी सलिल देवस्थळी म्हणाले की या भागात पायी फिरायला म्हणून जागा उरलेली नाही, माणसानं चालायचं तर पार्किंगमध्ये गोल गोल चालायचं. तेव्हा ओव्हाळ उठले आणि म्हणाले, आपल्या मागच्या फाटकापासून वाघजाईच्या रानापर्यंत पायवाट आहे. करंजवाडीच्या शेतांतून जाते, कुणा जुन्या सरदारांच्या बागेतून जाते आणि थेट रानाशी पोचते.

देवस्थळींनी खिशातून फोन काढला, उपग्रहाचा नकाशा लावला, दोन बोटांनी करंजवाडी ताणून मोठी केली आणि म्हणाले की इथे काही दिसत नाही. आपण कधी गेला होतात?

शहाण्या माणसानं इथे खाली बसायचं असतं. ओव्हाळ कधीच गेले नव्हते. त्यांनी ती वाट काढली होती. म्हणजे शाईनं काढली होती. सरकारच्या नकाशांच्या कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: जीर्ण झालेले गावनकाशे नव्या कागदावर उतरवून काढायचे. नदी, ओढा, विहीर, बांध, आणि पायवाट असेल तिथे एक तुटक रेघ. करंजवाडीचा कागद एक्याण्णव साली त्यांच्या टेबलावर आला होता. जिल्ह्यातल्या निम्म्या पायवाटा या माणसानं खुर्चीवर उशी घालून बसल्या जागी काढल्या होत्या आणि एकीवरही पाऊल ठेवलेलं नव्हतं.

"मी स्वतः काढली आहे ती रेघ," ते म्हणाले.

"असं होय," देवस्थळी म्हणाले. "मग असेलच."

पुण्यात कुणी इतक्या चटकन मान्य केलं की समजावं, आपलं काही खरं नाही. सभा हसली नाही, फक्त पुन्हा लिफ्टकडे वळली, आणि तेच ओव्हाळांना जास्त लागलं. घरी आल्यावर त्यांच्या पत्नीनं, मंदाकिनीबाईंनी, त्यांना सांगून पाहिलं की अहो, सोडून द्या, वाट असली काय नि नसली काय, आपल्याला कुठे बैलगाडी न्यायची आहे. पण ओव्हाळांच्या डोक्यात भलताच किडा शिरला होता. ही रेघ खोटी निघाली तर बाकीच्या कशावरून खऱ्या? चौतीस वर्षं त्यांनी डोळे फोडून, श्वास रोखून, कागदावर घामाचा थेंब पडू नये म्हणून मनगटाला रुमाल बांधून जे काढलं ते खरोखर जमिनीवर होतं, की एका जुन्या कागदावरच्या डागांची त्यांनी नवी, सुबक नक्कल केली होती? सेवानिवृत्तीच्या समारंभात त्यांना नारळ, शाल आणि घड्याळ मिळालं होतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी दिलेलं नव्हतं.

पहिलं काम म्हणजे नकाशाची प्रमाणित प्रत मिळवणं. ती ओव्हाळांच्याच जुन्या कचेरीतून मिळणार असल्यामुळे त्यांनी हे काम अर्ध्या तासाचं धरलं होतं. त्याला लागले चार हेलपाटे. पहिल्या वेळी खिडकीपलीकडच्या पोपटरावांनी, ज्यांना अभिलेखांचं कपाट कसं उघडायचं ते ओव्हाळांनीच शिकवलं होतं, प्रेमानं चहा पाजला आणि अर्जाचा नमुना बदलल्याचं सांगितलं. दुसऱ्या वेळी अर्जात 'नकाशा कशासाठी हवा' हा रकाना होता. ओव्हाळांनी प्रामाणिकपणे 'चालण्यासाठी' असं लिहिलं, आणि या कारणासाठी नकाशा देण्याची तरतूद नसल्यामुळे अर्ज परत आला. तिसऱ्या वेळी अर्जदाराची ओळख पटेना. ज्या भिंतीवर त्यांचा निरोपसमारंभाचा फोटो लावलेला होता, त्या भिंतीखाली उभं राहून त्यांनी ओळखपत्राच्या दोन प्रती दिल्या. चौथ्या वेळी नकाशा मिळाला. कोपऱ्यात त्यांची स्वतःची एक्याण्णव सालची सही होती आणि ती सही खरी असल्याबद्दल पोपटरावांचा शिक्का होता.

आता हा नकाशा ओव्हाळांनी पत्र्याच्या नळीत घातला आणि ते कुणाला हात लावू देईनात. देवस्थळींनी फोनवर फोटो काढू का म्हणून विचारलं, तर प्रमाणित प्रतीचा फोटो हा पुरावा ठरत नाही, असं त्यांनी कळवलं. वाट प्रत्यक्ष चालून दाखवायची आणि ज्याला बघायची त्यानं सोबत यायचं, इतकं साधं त्यांचं म्हणणं होतं. पण सोसायटीत साधं काही राहत नाही. तिसऱ्या मजल्यावरून सापासाठी काठी सुचवण्यात आली, पाचव्या मजल्यावरून जळवांसाठी मीठ, आणि भर डिसेंबरात जळवा नसतात म्हटल्यावर तेच मीठ साखर घालून अशक्तपणासाठी. खराडीला नोकरी करणाऱ्या ओव्हाळांच्या मुलीनं, निकितानं, "पप्पा, याचा प्रॉपर इव्हेंट करा ना" असा सल्ला दिला आणि ऑफिसला निघून गेली. देवस्थळींनी सुरक्षिततेसाठी रस्त्यावरचे कामगार घालतात तसली चमकत्या पट्ट्यांची नारिंगी जाकिटं बावीस जणांसाठी आणवली. मग त्यांनी फाटकावर आपल्या शैलीत सूचना लावली: 'नकाशानुसार पायवाटेची प्रत्यक्ष पाहणी. रविवार, सकाळी ठीक सात. उशिरा येणाऱ्यांनी वाट स्वतः शोधावी.'

ही सूचना फाटकावर दूध घालायला येणाऱ्या माणसानं वाचली. तो करंजवाडीचा होता.

शहराच्या कडेला असलेल्या गावात नकाशा, पाहणी आणि नारिंगी जाकीट या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याचा अर्थ एकच होतो. रविवारी सव्वासातला ओव्हाळ नळी काखेत मारून बावीस जणांसह करंजवाडीच्या पहिल्या शेताशी पोचले, तेव्हा तिथे सर्जेराव मोहोळ पांढरी टोपी घालून, स्टीलच्या बादलीत चहा घेऊन उभे होते. गावातली सगळ्यात जास्त जमीन त्यांची होती.

"या सायेब," ते म्हणाले. "मोजनीला आला न्हवं?"

ओव्हाळांनी समजावून सांगितलं की मोजणी वगैरे काही नाही, रस्ताही होणार नाही, आम्ही नुसते फिरायला आलो आहोत. सर्जेरावांनी मोठ्या समजूतदारपणानं मान हलवली. आजवर त्यांच्या शेतात आलेला प्रत्येक सरकारी माणूस हेच म्हणाला होता. मग ते स्वतःच वाट दाखवायला पुढे झाले आणि पहिल्याच बांधाला सगळ्यांना थांबवून त्यांनी आपली आमराई दाखवली. ती घोट्याएवढ्या उंचीची होती. वीतभर अंतरावर एकेक रोप होतं, माती ओली होती आणि प्रत्येक रोपाला रोपवाटिकेची चिठ्ठी तशीच लटकत होती. लागवड जुनी आहे आणि रस्त्यात झाडं गेली तर मोबदला झाडागणिक मिळतो, एवढं सर्जेरावांनी सहज कानावर घातलं. मंदाकिनीबाईंनी विचारलं की दोन आंब्यांमध्ये एवढंच अंतर कसं? सर्जेराव म्हणाले, भावकी हाय, एकत्र ऱ्हात्यात.

आमराई बघून झाल्यावर ओव्हाळांनी नळी उघडली. नकाशा उलगडला, विहीर जुळवली, ओढा जुळवला आणि कागदावरच्या रेघेच्या टोकावर बोट ठेवून हळूच मान वर केली. ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणसं बाहेर पडायचीच बाकी होती. तिच्या आणि हरभऱ्याच्या मधून एक बांध जात होता, इतर बांधांपेक्षा हातभर रुंद. त्यावर दूर्वा होती आणि दूर्वेच्या मधोमध एक पाऊल मावेल एवढी माती झिजून गुळगुळीत झाली होती.

"ही व्हय?" सर्जेराव म्हणाले. "ही वाटच हाय की. माझ्या आज्याच्या आधीची."

ओव्हाळांनी चप्पल काढून हातात घेतली आणि त्या मातीवर पाय ठेवला. माती गार होती. तुटक रेघ काढताना निब उचलावं लागतं, टेकवावं लागतं, पुन्हा उचलावं लागतं. पाय उचलता-टेकवताना तीच लय त्यांना सापडली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. मागून देवस्थळी म्हणत होते की ठीक आहे, सुरुवात तर बरोबर दिसते. ओव्हाळांना ते ऐकू आलं नाही. दंव पडलेल्या हरभऱ्यावरून हात फिरवला तर बोटांना त्याची आंबट आंब लागत होती. ज्वारीच्या पलीकडे शहराच्या उंच इमारती धुक्यात बुडाल्या होत्या आणि त्या आहेत हे आठवावं लागत होतं. सोसायटीतली कधी एकमेकांना गुड मॉर्निंगही न म्हणणारी माणसं एकामागे एक, गुपचूप चालत होती, कारण वाट एका वेळी एकाच माणसापुरती होती आणि शेजारी चालून गप्पा मारायची तिच्यावर सोय नव्हती.

सरदारांच्या बागेपाशी मात्र गडबड झाली. बाग म्हणजे आता चार कोसळत्या भिंती, कोरडा हौद आणि दगडी पाट. पण आंबे उरले होते, दोनशे वर्षांचे, आणि त्यांच्या सावलीत अजून पहाट संपली नव्हती. नकाशात वाट इथवर सरळ येते आणि बागेच्या मधोमध अकारण डावीकडे वळते. हे वळण ओव्हाळांना चांगलं आठवत होतं. जुन्या कागदावर ते पाहून त्यांना वाटलं होतं, आधीच्या माणसाचा हात हलला असणार. पट्टी लावून सरळ करावं असं त्या दुपारी दोनदा मनात आलं होतं, पण चहा आला आणि राहून गेलं.

आता ते वळणाशी आले आणि समोर आंब्याचं एक खोड उभं राहिलं. सात जणांनी हात धरले तरी कवेत येईना, मग आठवा गेला. खोडात एक ढोली होती आणि तिच्यात दोन माणसं पावसात उभी राहतील एवढी जागा होती. वाट त्या झाडाला मान देऊन, डावीकडून, अदबीनं वळसा घालून जात होती. पट्टी लावली असती तर ती त्याच्या पोटातून गेली असती. ओव्हाळ बराच वेळ वर बघत राहिले. ज्या अनोळखी नकाशेवाल्याला त्यांनी मनातल्या मनात थरथरत्या हाताचा ठरवलं होतं, त्याची त्यांनी तिथेच मनोमन क्षमा मागितली. मंदाकिनीबाईंनी हळूच विचारलं, अहो, डोळ्यात काही गेलं का? त्यांनी सांगितलं, मोहोर. डिसेंबरात मोहोर आलेला नव्हता, पण त्यांनी रुमाल पुढे केला.

रान त्यानंतर पाऊण तासानं आलं. आलं म्हणजे, उन्हातून चालता चालता एकदम ऊन संपलं. नकाशात वाट रानाच्या कडेशी थांबते. मग नऊ एकरांचा एक कोरा आकार आहे, त्यात फक्त एक क्रमांक. पलीकडच्या कडेला तीच वाट पुन्हा सुरू होते. सगळ्या गावाच्या कागदावर तेवढी एकच जागा कोरी होती आणि ओव्हाळांनी ती तशीच उतरवली होती. कोरी जागा म्हणजे माळ किंवा खडक, असं त्यांनी धरलं होतं.

कोऱ्या जागेत बेहडे होते, करंज होते, आकाशाला लागलेली जांभळं होती. माणसाच्या कमरेएवढा जाड गारंबीचा वेल एका झाडावरून उतरून जमिनीवर वेटोळं घालून तिसऱ्याच झाडावर चढला होता. उजेड होता पण तो कुठून येतो ते कळत नव्हतं. कुठेतरी उंचावर धनेश पक्ष्याचा एकच आवाज झाला आणि त्यानंतरची शांतता त्या आवाजापेक्षा मोठी वाटली. देवाधर्माशी ओव्हाळांचा संबंध नव्हता. घरात बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्यासमोर ते काही मागायला नव्हे, तर गप्प बसायला जायचे. इथे गप्प बसायला मूर्तीचीही गरज पडली नाही. बावीस पुणेकर एका ठिकाणी उभे होते आणि कुणालाही काही सुचवायचं नव्हतं. नीट पाहिलं तर सगळ्या दिवसातला हाच मोठा चमत्कार होता.

चप्पल-बूट बाहेर काढायचे, हे सर्जेरावांनी सांगितलं होतं. देवस्थळींनी आपले परदेशी बनावटीचे बूट चोरीला जाऊ नयेत म्हणून हातात धरून आत आणले आणि चांगली दहा पावलं आत आल्यावर एका मुळापाशी ठेवले. तेवढ्यात वेलाआडून एक म्हातारी पुढे आली. त्या मथुराबाई, सर्जेरावांच्या आई. सकाळी रान झाडायला त्या रोज यायच्या.

"बूट आता ऱ्हाऊ द्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "टेकलं ते आईचं."

आई म्हणजे वाघजाई देवी, आणि नियम असा होता की तिच्या रानातली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही आणि आत जे जमिनीला टेकलं तेही रानाचंच. देवस्थळींनी नियमाचा लेखी आधार विचारला. मथुराबाईंनी बोट दाखवलं. शेंदूर लावलेल्या दगडामागे जंगल खात्याच्या कुणाची तरी काठी होती, दोन छत्र्या, एक कंदील, एक जेवणाचा डबा आणि एक हेल्मेट. आणि त्या सगळ्याच्या खाली, करंजाच्या मुळानं अर्धी गिळलेली एक लोखंडी साखळी.

ओव्हाळ गुडघ्यावर बसले. कड्या गंजल्या होत्या, पण पितळी खुणा अजून ओळखू येत होत्या. तेहतीस फूट लांब, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. जमीन मोजायची साखळी, इंग्रजांच्या काळातली. सध्याच्या लोकांनी फक्त पुस्तकात पाहिलेली.

"माझी आजेसासू सांगायची," मथुराबाई म्हणाल्या. "गोऱ्या सायबाचा मानूस मोजाया आल्ता. साखळी अंथरली. अंथरली म्हंजी टेकली. मंग ऱ्हायली हितंच. काय करतोय बिचारा, रिकाम्या हातानं गेला."

ओव्हाळांना हसू आलं. साखळी अंथरल्याशिवाय जमीन मोजता येत नाही, आणि इथे अंथरली की ती गेली. म्हणून ती जागा कोरी. कुणाचा आळस नव्हता, कुणाची चूक नव्हती. सरकारच्या सगळ्यात बारीक नजरेच्या माणसानं इथवर येऊन, हात रिकामे करून, कागद कोरा ठेवून कबूल केलं होतं की याच्या आत मला मोजता आलं नाही. चौतीस वर्षांत उतरवलेल्या सगळ्या रेघांपेक्षा ती कोरी जागा ओव्हाळांना आता खरी वाटली.

देवस्थळीही भारावले होते, खोटं कशाला सांगा. पण ते सेक्रेटरी असल्यामुळे भारावल्यावर त्यांना ठराव सुचायचे. ओव्हाळ, मानलं तुम्हाला, रेघ तंतोतंत आहे, असं ते मोकळ्या मनानं म्हणाले. मग त्यांनी अनवाणी उभं राहून सगळ्यांना सांगितलं की वाट सरकारी नकाशात आहे, म्हणजे ती सार्वजनिक आहे. हा शिक्क्याचा कागद जोडून उद्याच अर्ज करायचा. फरसबंदी, दिवे, बाकं, पलीकडे गाड्या लावायला जागा. आणि मधलं एवढं कोरं आहे तेवढं सरळ जोडून घ्यायचं. पाचव्या मजल्यावरच्यांनी स्वच्छतागृहाची उपसूचना मांडली.

सर्जेराव ओव्हाळांच्या जवळ आले. सकाळपासूनचा हिशेबी चेहरा गेला होता.

"सायेब, शेतातनं न्या," ते दबक्या आवाजात म्हणाले. "ती आंब्याची रोपं बी कालचीच हायती, धरू नका. पर हितली रेघ पुसता येती का?"

"हितं रेघ नाहीच आहे," ओव्हाळ म्हणाले. करंजवाडीची भाषा कधी तोंडात आली ते त्यांनाही कळलं नाही.

त्यांनी नळी उघडली. नकाशा पूर्ण उलगडला. विहीर, ओढा, बाग, ते डावीकडचं वळण, आणि कोपऱ्यात एक्याण्णव सालची आपली सही. ती एकदा नीट पाहून घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच या कागदानं त्यांची बाजू घेतली होती, तीही बावीस जणांच्या साक्षीनं, आणि आता सभेत तो फक्त टेबलावर पसरायचा बाकी होता. मंदाकिनीबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी "अहो" म्हणून हात पुढे केला आणि मग स्वतःच मागे घेतला.

ओव्हाळांनी वाकून नकाशा साखळीशेजारी पालथा ठेवला. दोन्ही तळव्यांनी तो जमिनीवर नीट सपाट केला. पूर्वी टेबलावर करायचे तसाच.

"टेकला," मथुराबाई म्हणाल्या.

देवस्थळी एकदा कागदाकडे, एकदा आपल्या बुटांकडे आणि एकदा म्हातारीकडे बघत राहिले. मग ते ओव्हाळांना म्हणाले की सभेनं पुरावा मागितला तर मी काय सांगू?

"सांगा, वाट नाही म्हणून."

"आणि तुमची रेघ?"

"चुकली असेल," ओव्हाळ म्हणाले. "हातानं काढलेली होती."

एवढं बोलून ते रानाबाहेर आले आणि त्याच वाटेनं घराकडे चालू लागले. त्यांच्यामागे मंदाकिनीबाई, त्यांच्यामागे अनवाणी देवस्थळी आणि मग बाकीचे सगळे, एकामागे एक.